सुपारीच्या बेटावर सात तास

श्रोतेहो, माझे वडील बोटीवर खलाशी होते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या खाडीकाठच्या मोहल्ल्यात त्या काळी हे काही नवलाचं नव्हतं. दोन घरं सोडून तिसऱ्या घरातला कुणी ना कुणी बोटीवर असायचाच. ‘वडील काय करतात?’ असं शाळेत विचारलं की आम्ही अर्धा वर्ग एकसुरात म्हणायचो, ‘बोटीवर आहेत.’ कुठली बोट, कुठला समुद्र, हे आम्हांलाही ठाऊक नसायचं. अब्बा आठ-दहा महिन्यांनी यायचे, पेटी उघडायचे, आणि त्या पेटीतून जो वास यायचा तोच आमच्यासाठी परदेश.

अब्बांचं सीडीसी, म्हणजे खलाशाचं नोंदपुस्तक, अजून माझ्या कपाटात आहे. त्यात बोटीचं नाव आहे. कामावर कुठे आणि कधी चढले, कुठे आणि कधी उतरले, हे आहे. वागणुकीबद्दलचा शेरा आहे. मधली बंदरं मात्र त्यात नाहीत. ती कुणी लिहून ठेवली नाहीत. ती फक्त अब्बांच्या तोंडी होती, आणि अब्बा १९९४ साली गेले.

त्या बंदरांपैकी एक पेनांग. मलेशियाच्या पश्चिम किनाऱ्यावरचं बेट. अब्बा म्हणायचे, ‘पेनांगला चार वेळा गेलो, एकदा उतरलो.’ त्यांची मालबोट किनाऱ्याला न लागता खाडीसारख्या अरुंद समुद्रात नांगरून उभी राहायची आणि माल पडावांत उतरायचा. डेकवरून त्यांना धक्क्याजवळचा एक घड्याळाचा मनोरा दिसायचा. एकदा, जुम्म्याच्या दिवशी, दोन-तीन तासांची रजा मिळाली. बाजारातल्या मोठ्या मशिदीत नमाज पढले, एक हिरव्या चौकटीची लुंगी घेतली आणि परत आले. एवढंच त्यांचं पेनांग. ती लुंगी आमच्या घरी पंधरा वर्षं टिकली.

२०२३ च्या डिसेंबरात आमच्या लग्नाचा तिसावा वाढदिवस होता. मुलगा सिंगापूरला नोकरीला आहे. त्याने आम्हां दोघांची क्रूझची तिकिटं काढली. चार रात्रींचा प्रवास, मलाक्काच्या सामुद्रधुनीतून. कागद हातात आला तेव्हा मी बाकी काही वाचलं नाही. बंदरांच्या यादीत पेनांग होतं, तिथेच माझी नजर थांबली.

क्रूझ म्हणजे तरंगतं हॉटेल, हे आता सगळ्यांना माहीत आहे. आमच्या खोलीची व्यवस्था पाहणारा मुलगा सिंधुदुर्गातला निघाला. मराठी ऐकल्यावर त्याने मला ‘काकी’च करून टाकलं. पेनांगच्या आदल्या रात्री मी त्याला विचारलं, ‘तू किती वेळा गेलास रे पेनांगला?’

‘अकरा-बारा वेळा असेल, काकी.’

‘मग काय काय पाहिलंस?’

तो ओशाळून हसला. ‘बंदराबाहेर एक दुकान आहे. तिथे वायफाय मिळतो. घरी फोन करतो, साबण-बिबण घेतो आणि येतो. दोन तासांची सुट्टी असते.’

मी काही बोलले नाही. पण त्या रात्री झोप लागायला वेळ लागला.

बोटीवरून सहलींचं दुकान असतं. बसने डोंगरावर नेणार, मोठ्या देवळात नेणार, जेवू घालणार, परत आणणार. यांचे गुडघे दुखतात, म्हणून हे बसने गेले. मी म्हटलं, मी चालत जाते. यांनी विचारलं, ‘एकटी?’ मी म्हटलं, ‘अब्बांबरोबर.’ हे गप्प बसले.

एकट्याने उतरायचं तर एक नियम पक्का ध्यानात ठेवावा लागतो. बोटीच्या सहलीची बस उशिरा आली तर बोट थांबते. आपण उशिरा आलो तर थांबत नाही. साडेनऊला शिडी लागणार होती, साडेचारच्या आत परत चढायचं होतं. सात तास. त्यात सगळं पेनांग पाहायचं ठरवलं असतं तर काहीच पाहून झालं नसतं. म्हणून मी एका चिठ्ठीवर पाच नावं लिहिली आणि सहावं लिहायचं नाही असं ठरवलं. बोटीचं ओळखकार्ड, पासपोर्टची झेरॉक्स, थोडे रिंगिट, पाण्याची बाटली, छत्री. पर्समध्ये आणखी काही नाही.

पेनांगची सोय अशी की क्रूझचा धक्का जुन्या शहराच्या दारातच आहे. स्वेटनहॅम पियरमधून बाहेर पडलं की पाच-सात मिनिटांत तो घड्याळाचा मनोरा. व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला १८९७ साली साठ वर्षं झाली, त्यानिमित्त एका चिनी धनिकाने तो बांधवला. साठ वर्षांसाठी साठ फूट. दुसऱ्या महायुद्धातल्या बाँबफेकीने तो किंचित कलला, तो तसाच आहे. अब्बांनी कललेला असल्याचं कधी सांगितलं नव्हतं. डेकवरून ते दिसत नसणार.

मनोऱ्यासमोर फोर्ट कॉर्नवॉलिस. ईस्ट इंडिया कंपनीचा फ्रान्सिस लाइट १७८६ साली इथेच कुठेतरी उतरला आणि त्याने हे जॉर्ज टाऊन वसवलं. सगळीकडे जंगल होतं. मजूर ते तोडायला कंटाळा करत, तेव्हा त्याने तोफेत चांदीची नाणी भरून जंगलात उडवली आणि सांगितलं, ज्याला सापडतील त्याची, अशी एक दंतकथा आहे. बेटाचं मूळ नाव मात्र लाइटने दिलेलं नाही. पुलाऊ पिनांग. पुलाऊ म्हणजे बेट आणि पिनांग म्हणजे सुपारी. सुपारीचं बेट! हे मला त्या दिवशी कळलं आणि हसू आलं. सुपारीच्या बागांतून उठून अब्बा सुपारीच्याच बेटावर गेले होते.

किल्ल्याच्या आत मी गेले नाही. चिठ्ठीत नव्हता.

चिठ्ठीतलं पहिलं नाव सेंट जॉर्ज चर्च. १८१८ साली बांधलेलं, पांढरंशुभ्र, समोर ग्रीक पद्धतीचे खांब. हिरवळीवर सावली होती, तिथे बसले. हे चर्च कंपनीने हिंदुस्थानातून आणलेल्या कैद्यांच्या हातांनी बांधलं गेलं. आपल्याला काळं पाणी म्हटलं की अंदमान आठवतं. पण अंदमानची कैद्यांची वसाहत १८५८ ची. त्याआधी कितीतरी वर्षं बंगाल, मद्रास आणि आपल्या मुंबई इलाख्यातलेही कैदी समुद्रापलीकडे पेनांगला, पुढे मलाक्काला आणि सिंगापूरला पाठवले जात. दलदली बुजवणं, रस्ते काढणं, इमारती उभारणं ही त्यांची कामं. म्हणजे ज्या रस्त्यावरून मी छत्री हलवत चालले होते, तो आपल्याच कुणाच्या शिक्षेचा रस्ता असू शकेल. त्यांचीही बंदरं कुणी घरच्यांसाठी लिहून ठेवली नाहीत.

चर्चपासून जो रस्ता निघतो त्याचं जुनं नाव पिट स्ट्रीट. आता त्याला कापितान केलिंग मशिदीचं नाव आहे. माझी सगळी चिठ्ठी या एका रस्त्यासाठी होती. चर्चनंतर थोड्या अंतरावर चिन्यांच्या करुणादेवीचं, म्हणजे क्वान यिनचं देऊळ आहे. साधारण १८०० च्या सुमाराचं. अंगणात उदबत्त्यांचा इतका धूर की डोळे चुरचुरतात. पुढे डाव्या हाताला तमिळ वस्ती, फुलांचे हार, स्टीलची भांडी, मोठ्याने लावलेली गाणी. तिथे १८३३ सालचं महामारिअम्मनचं मंदिर, बेटावरचं सर्वांत जुनं हिंदू मंदिर. आणि तिथून पुढे, रस्त्याच्या पलीकडे, मशीद.

मशिदीला १८०१ साली कंपनीने जमीन दिली. कादर मोहिदीन नावाचे दक्षिण भारतीय व्यापारी तिथल्या हिंदी मुसलमानांचे पुढारी होते. अशा पुढाऱ्याला कंपनी ‘कापितान’ म्हणे. ‘केलिंग’ म्हणजे हिंदुस्थानातला माणूस. हा शब्द आपल्या कलिंगावरून गेलेला. मात्र आज तिथल्या भारतीयांना कुणी केलिंग म्हटलं तर तो अपमान वाटतो. एकच शब्द, मशिदीच्या पाटीवर मानाचा आणि रस्त्यात शिवीचा. मी कविता लिहिते, त्यामुळे शब्दापाशी अडखळायची मला खोडच आहे. त्या पाटीखाली मी बराच वेळ उभी होते.

आत गार फरशी, उंच कमानी, पंख्यांचा आवाज. गर्दी नव्हती. बायकांच्या बाजूला जाऊन मी दोन रकात नफल पढले. अब्बा यापैकी कुठल्या खांबाजवळ उभे राहिले असतील, हा विचार मनात आला आणि मी तो सोडून दिला. शोधायला काही जागा नव्हती. जुम्म्याला हजार माणसं असतील, त्यांत आमच्या खाडीवरचा एक खलाशी, निळा शर्ट, खिशात परतीची वेळ.

या रस्त्याला प्रवासी कंपन्या ‘सलोख्याचा रस्ता’ म्हणतात. चर्च, चिनी देऊळ, हिंदू मंदिर, मशीद, सगळं एका ओळीत. छायाचित्र छान येतं. पण मला असल्या नावांची जरा धास्तीच वाटते. म्हणून मी पुढच्या आचे स्ट्रीटवरच्या मशिदीपर्यंत गेले. ही १८०८ सालची. तिच्या मिनाराला एक गोल खिडकी आहे. १८६७ च्या दंगलीतला तोफगोळा तिथे लागला, असं लोक सांगतात. ती दंगल दहा दिवस चालली. मजा अशी की ती चिनी विरुद्ध मुसलमान अशी नव्हती. चिन्यांच्या दोन गुप्त टोळ्या होत्या, मुसलमानांच्या दोन. एक लाल निशाणवाली, एक पांढऱ्या. एका चिनी टोळीने पांढऱ्यांशी हात मिळवला, दुसरीने लालांशी. दोन्ही बाजूंना चिनी, दोन्ही बाजूंना मुसलमान, आणि भांडण मुळात धंद्याचं आणि वर्चस्वाचं. मला हे ऐकून या रस्त्याबद्दल जास्त विश्वास वाटला. इथली माणसं भांडली, आणि दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यावर दुकानं उघडून शेजारी बसली. मिनाराखाली बसून मला आपल्याकडची काही गावं आठवली.

याच मशिदीच्या आसपास एकेकाळी हजच्या यात्रेकरूंचा मुक्काम असायचा. आजूबाजूच्या बेटांवरून माणसं इथे यायची आणि जेद्द्याच्या बोटीची वाट पाहत राहायची. तिकिटांचे दलाल, खानावळी, हजच्या सामानाची दुकानं, सगळं या गल्लीत. मला मुंबईचं साबू सिद्दीक मुसाफिरखाना आठवलं. माझी आजी बोटीने हजला गेली तेव्हा आम्ही सगळं घर तिथे तिला निरोप द्यायला गेलो होतो. मी पाच-सहा वर्षांची होते. आपल्याकडून बोटीने हज १९९५ पर्यंत चालू होतं, नंतर विमानं. इथली गल्लीही आता शांत आहे.

तेवढ्यात पाऊस आला. तिकडचा पाऊस कोकणातल्यासारखाच, सांगून येत नाही. पण जॉर्ज टाऊनमध्ये पावसाची सोय घरांनीच केलेली आहे. खाली दुकान, वर बिऱ्हाड अशी जुनी घरं ओळीने उभी, आणि प्रत्येक घरासमोर वरच्या मजल्याखाली पाच फुटांची पडवी. तिला ‘काकी लिमा’च म्हणतात, पाच फूट. मलाय भाषेत काकी म्हणजे पाऊल. (आमच्या सिंधुदुर्गातल्या मुलाला हे सांगायचं मी मनाशी ठरवलं.) मालक घराचा, पडवी रस्त्याने जाणाऱ्याची. या पडव्यांनी आणि घरांनीच शहराला २००८ साली मलाक्काबरोबर जागतिक वारशाच्या यादीत नेलं.

पडवी-पडवीने मी एका तमिळ मुसलमानाच्या खानावळीत शिरले. ‘नासी कांदार’ खायचं होतं. नासी म्हणजे भात, कांदार म्हणजे खांद्यावरची काठी, आपली कावडच. पूर्वी फेरीवाले कावडीच्या एका टोकाला भात आणि दुसऱ्या टोकाला कालवण घेऊन फिरायचे. आता भातावर तीन-चार प्रकारचे रस्से एकावर एक ओततात. शेजारी जायफळाचं सरबत ठेवलं होतं. जायफळाची रोपं कंपनीनेच इथे मोलुकाज बेटांतून आणली, अठराव्या शतकाच्या अखेरीला. आमच्या परसात जायफळ आहे. आम्ही बी आणि जायपत्री घेतो. वरच्या सालपटाचं कुणी हौशी लोणचं घालतं, बाकी झाडाखाली पडून राहतं. तिथे त्याच सालपटाचं सरबत, त्याचाच मुरंबा, तेच वाळवून पुड्यांत विकायला. पन्नास वर्षं आपण काय टाकत आलो, ते असं परक्या गावात कळतं.

गल्ल्यावरच्या म्हाताऱ्या मालकांनी मोडक्या इंग्रजीत चौकशी केली. कुठून आलात, एकट्याच का? मी माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं की माझे वडील बोटीवर कामाला होते, ते इथे आले होते. त्यांना कळलं. ते वळले आणि भात वाढणाऱ्या मलाय मुलाला माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाले. त्या वाक्यातला एकच शब्द मला कळला. केलासी.

मी विचारलं, काय म्हणालात?

केलासी, ते म्हणाले. बोटीवर काम करणारा माणूस. मलाय शब्द आहे.

श्रोतेहो, तो मलाय शब्द आहे तसा आपलाही आहे. खलाशी. फारसीतून निघाला, हिंदुस्थानी बोटींवर चढला आणि माणसांबरोबर बंदराबंदराला उतरत गेला. अब्बांचं नाव या गावात कुठेही नाही, असणारही नाही. पण त्यांच्या कामाचं नाव इथल्या भाषेत घर करून राहिलं आहे. मी मालकांना तसं सांगायचा प्रयत्न केला. इंग्रजी पुरलं नाही. त्यांनी सरबताचे पैसे घेतले नाहीत.

पाऊस थांबला तेव्हा अडीच वाजले होते. चिठ्ठीत शेवटचं नाव होतं च्यू जेट्टी. वाटेवर आर्मेनियन स्ट्रीट लागतो. तिथे २०१२ साली एका तरुण चित्रकाराने भिंतीवर सायकलवरची दोन मुलं रंगवली आणि खरी सायकल भिंतीला टेकवली. त्या चित्रासमोर फोटोसाठी रांग होती. मी रांगेत उभी राहिले नाही. पंधरा मिनिटं होती माझ्याकडे, पण ती जेट्टीसाठी हवी होती.

च्यू आडनावाच्या चिनी कुटुंबांची ही वस्ती समुद्रातच खांबांवर उभी आहे. दोन्ही बाजूंना लाकडी घरं आणि मधून फळ्यांची वाट. जमिनीवर नाहीत म्हणून या घरांना जमिनीचा सारा नव्हता. मूळची माणसं हमाली करणारी, पडावांवर माल चढवणारी-उतरवणारी. म्हणजे अब्बांच्या बोटीवरचा माल ज्या पडावांनी किनाऱ्याला आणला, ते पडाव चालवणारी माणसं अशाच वस्त्यांत राहत असणार. आता घरांच्या पुढच्या खोल्यांत आइस्क्रीम आणि भेटवस्तूंची दुकानं आहेत. एका दुकानातून मी वाळवलेल्या जायफळाच्या दोन पुड्या घेतल्या.

फळ्या संपतात तिथे टोकाला उभी राहिले. समोर अरुंद समुद्र, पलीकडे मुख्य भूमीचा किनारा, मध्ये एक मालबोट नांगरून उभी होती. अब्बांची बोट अशीच उभी राहायची. त्यांनी त्या बाजूने शहर पाहिलं होतं, चार वेळा. मी शहराच्या बाजूने त्या बोटीकडे पाहत होते. डेकवर एक माणूस कठड्याला टेकून उभा होता. इतक्या लांबून चेहरा दिसत नाही. मी हात केला. त्याने पाहिलं की नाही, कळलं नाही.

सव्वातीनला निघाले. किनाऱ्याच्या रस्त्याने चालत चालत, घड्याळाच्या मनोऱ्याकडे बघत, पावणेचारला धक्क्यावर. पाऊण तास राखून. हे आधीच येऊन बसले होते. देऊळ मोठं होतं, म्हणाले, पण बसमधून उतरायला दहा मिनिटं आणि चढायला पंधरा. मी त्यांना जायफळ खायला दिलं.

संध्याकाळी तो मुलगा खोलीत चादरी बदलायला आला. मी त्याला एक पुडी दिली आणि काकी लिमाची गोष्ट सांगितली. तो खूप हसला. मग मी पर्समधली चिठ्ठी काढली. पावसाने जरा भिजली होती, पण अक्षर वाचता येत होतं. चर्च, करुणादेवी, मारिअम्मन, मशीद, जेट्टी. जेट्टीवर काट मारली आणि चिठ्ठी त्याच्या हातात ठेवली.

‘पुढच्या खेपेला फोन अर्ध्या तासात आटप,’ मी म्हटलं. ‘आईला सांग, काकीने पाठवलंय. धक्क्यावरून निघायचं, सरळ हा एक रस्ता चालायचा आणि परत. दीड तासात होतो.’

त्याने चिठ्ठी घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)